चिंचेवरची वटवाघळे हाकलली, तर नेमके काय बिघडेल?

कादवाकाठ (निफाड तालुका)

सर्वांना नमस्कार.

आमच्या गावाच्या वेशीबाहेर ओढ्याच्या काठी चिंच, वड आणि निलगिरी अशी काही जुनी, उंच झाडे आहेत आणि त्यांवर मोठ्या वटवाघळांची वस्ती आहे. ही वस्ती आमच्या आजोबांच्या आधीपासूनची असल्याचे जुनी माणसे सांगतात आणि आजवर तिच्याविषयी कोणाची फारशी तक्रारही नव्हती. अलीकडे मात्र गावाच्या चहूबाजूंनी द्राक्षबागा वाढल्या आणि द्राक्षाच्या मण्यांत पाणी फिरू लागले, म्हणजे ते पिकू लागले, की रात्रीतून घड ओरबाडले जातात, असे बागाईतदार सांगू लागले. त्यातच वटवाघळांकडून माणसात येणाऱ्या निपाह विषाणूच्या केरळमधील बातम्या प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन पोहोचल्याने, या झाडांजवळच असलेल्या शाळेतील मुलांचे पालक धास्तावले आहेत.

येत्या ग्रामसभेपुढे दोन सूचना आहेत. फटाके वाजवून आणि धूर करून सगळी वस्तीच उठवावी, ही पहिली. दुसरी सूचना गावातल्या समंजस म्हणवणाऱ्या मंडळींची आहे: मोठ्या फांद्या उतरवून वस्ती निम्म्यावर आणावी, म्हणजे निसर्गाचेही काम चालू राहील आणि आपलेही नुकसान कमी होईल. मी शाळा व्यवस्थापन समितीवर असल्याने माहिती गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

प्रत्येक प्राण्याची परिसंस्थेत काही भूमिका असते, हे आपण शाळेपासून पाठ करत आलो. पण द्राक्षाच्या फुलोऱ्याला परागीभवनासाठी वटवाघूळ लागत नाही, आणि कांद्याच्या डेंगळ्यांना लागते ती मधमाशी. मग आमच्या शिवारात या प्राण्याचे काम तरी कोणते? असलेच, तर ते साळुंक्या, बुलबुल, कोकिळा करत नाहीत का? आणि वस्ती निम्मी केली तर काम निम्मे उरते, हा हिशोब बरोबर आहे का? ‘पृथ्वी सर्वांची आहे’ या धर्तीची उत्तरे कृपया देऊ नयेत; मला ती पटतात, पण ग्रामसभेत त्यांचा उपयोग होत नाही.

---

अंजनेरीची वाट

दादा, आपला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याकडे येण्याआधी मात्र आरोपीची ओळख परेड करून घ्यावी लागेल, कारण भलत्यालाच शिक्षा होण्याची शक्यता मला येथे बरीच दिसते.

आपल्या भागात फळे खाणारी वटवाघळे मुख्यतः तीन प्रकारची आहेत. दिवसाढवळ्या उंच झाडांवर उघड्यावर लटकणारे, पंख पसरले की चार फुटांच्या वर भरणारे, तांबूस मानेचे ते मोठे वटवाघूळ. आपल्या चिंचेवरची वस्ती त्याची आहे. दुसरे मध्यम आकाराचे असून ते पडक्या वाड्यांत, लेण्यांत आणि जुन्या विहिरींच्या कपारींत अंधारात राहते. तिसरे त्याहून लहान, आखूड तोंडाचे. ते ताडामाडाच्या झावळ्यांच्या आडोशाने दिवस काढते. दाट मांडवाखाली शिरून घडापर्यंत पोहोचणे हे सहसा या दुसऱ्या आणि तिसऱ्याला जमते. मोठ्या वटवाघळाला उडायला मोकळी जागा आणि लटकायला भक्कम आधार लागतो. ते द्राक्ष खातच नाही, असे मी म्हणत नाही. पण सगळे नुकसान त्याच्या माथी मारण्यापूर्वी खातरजमा करावी, इतकेच म्हणतो.

ती खातरजमा घरबसल्या होणार नाही, पण अवघडही नाही. पक्षी दिवसा येतात, मण्याला चोच मारून रस आणि थोडा गर खातात, आणि फुटका मणी घडालाच लटकत राहतो. त्यावर पुढे माश्या आणि गांधीलमाश्या जमतात. वटवाघूळ मणी तोडून नेते. जवळच्या झाडावर उलटे लटकून ते तो मणी जिभेने टाळूवर दाबते, रस गिळते आणि उरलेला चोथा थुंकून टाकते. हा चोथा म्हणजे वाटाण्याएवढी चपटी गोळी असते. ती वाळली की कागदाच्या लगद्यासारखी कडक होते, आणि नीट पाहिले तर तिच्या एका बाजूला टाळूवरच्या आडव्या वळ्यांचे ठसे दिसतात. द्राक्षाच्या सालीच्या अशा गोळ्या ओढ्याकाठच्या चिंचेखाली सापडतात, की बागेच्या बांधावरच्या कडुलिंबाखाली आणि शेडच्या आढ्याखाली सापडतात, ते एकदा पाहून घ्यावे. दुसऱ्या ठिकाणी सापडल्या, तर चिंचेवरची वस्ती उठवूनही आपला एक मणी वाचणार नाही.

आता कामाविषयी. वड, पिंपळ, उंबर यांच्या बिया मोहरीहून लहान असतात आणि रसाबरोबर गिळल्या जातात. वटवाघळाच्या पोटातून अन्न फार लवकर पुढे सरकते आणि विष्ठा पुष्कळदा उडता उडताच पडते. पक्षी बहुधा फांदीवर, तारेवर किंवा खांबावर बसून विष्ठा टाकतात, म्हणून त्यांनी पेरलेल्या बिया आधीच झाड असलेल्या जागी गोळा होतात. उघड्या माळावर, खडकाच्या भेगेत, जिथे पक्ष्याला बसायला काहीच नाही, अशा जागी बी टाकण्याचे काम वटवाघळे अधिक करतात. मोहासारखी मोठी बी गिळता येत नाही. ते फळ तोंडात धरून दूरच्या झाडावर नेले जाते आणि गर खाऊन बी तिथे टाकली जाते. साळुंकी-बुलबुलांच्या चोचीला हे ओझे झेपत नाही. शिवाय मोह आणि टेटू यांच्या फुलांचे परागीभवनही वटवाघळे करतात. तेव्हा आपल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की वड-पिंपळाच्या बाबतीत पक्षी बराचसा भार उचलतील आणि वटवाघळे गेली म्हणून निफाड तालुक्यातून वड नाहीसा होणार नाही. उघड्या जागांचे आणि मोठ्या बियांचे काम मात्र उचलायला दुसरे कोणी नाही.

राहिला वस्ती निम्मी करण्याचा हिशोब. प्रशांत महासागरातील टोंगा बेटांवर हाच प्रश्न अभ्यासला गेला आणि त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये किम मॅकॉन्की आणि डोनाल्ड ड्रेक या संशोधकांनी प्रसिद्ध केले. तिथे बियांचा प्रसार करणारे मोठे प्राणी म्हणजे आपल्या वटवाघळाचेच भाऊबंद. जिथे त्यांची संख्या भरपूर होती, तिथे फळांनी लगडलेल्या झाडावर गर्दी होई, आधी आलेले प्राणी आपापला कोपरा अडवून भांडत आणि मागून येणाऱ्यांना फळ हिसकावून दुसरीकडे पळावे लागे. बिया दूर जात त्या या पळापळीमुळे. जिथे संख्या घटली होती, तिथे प्रत्येकाला पुरेशी जागा मिळे, सगळे त्याच झाडावर निवांत बसून खात आणि जवळजवळ सगळ्या बिया आईच्या झाडाखालीच पडत. संख्या एका मर्यादेखाली गेली की प्राणी डोळ्यांना दिसत राहतो, पण बिया दूर नेण्याचे त्याचे काम जवळपास बंद पडलेले असते. म्हणून ‘निम्मी वस्ती, निम्मे काम’ हा हिशोब मला मान्य नाही. निम्म्या वस्तीत काम किती उरेल हे आधी सांगता येत नाही, आणि ते थांबल्याचे गावात कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण चिंचेवर वटवाघळे तर लटकलेली असतील.

---

नाशिकरोडचे मास्तर

वरील उत्तर मुद्देसूद आहे. त्यात एका गोष्टीची भर घालतो, कारण ‘भूमिका’ या कल्पनेविषयी आम्ही शिक्षकांनीच पुष्कळ गोंधळ घालून ठेवला आहे. फळ्यावर अन्नसाखळी काढताना आम्ही प्रत्येक प्राण्यापुढे त्याचे काम लिहितो आणि मुलांची समजूत होते, की निसर्गाने प्रत्येकाला नेमणुकीचे पत्र दिले आहे. प्रत्यक्षात वटवाघूळ स्वतःच्या पोटासाठी रात्रभर उडते. त्या उडण्याचा इतरांवर जो परिणाम होतो, त्याला आपण भूमिका म्हणतो. आणि परिणाम म्हटला की तो जागेनुसार, संख्येनुसार आणि शेजारी दुसरे कोण राहते त्यानुसार बदलणारच.

या विषयातला पायाभूत प्रयोग अमेरिकेतील रॉबर्ट पेन यांचा आहे. वॉशिंग्टन राज्यातील मका उपसागराच्या खडकाळ किनाऱ्यावर त्यांनी १९६३ पासून एका पट्ट्यातले तारामासे उचलून समुद्रात दूर फेकण्याचा क्रम चालवला. तारामासा शिंपल्यांना खातो. तो नाहीसा झाल्यावर शिंपल्यांनी सगळा खडक व्यापला आणि तेथील पंधरा प्रजातींपैकी आठच उरल्या. १९६९ मध्ये पेन यांनी अशा प्राण्यासाठी जी संज्ञा वापरली, तिला मराठीत ‘कळीची प्रजाती’ म्हणतात. मात्र हा प्रयोग सांगणारे बहुतेक जण अर्धीच गोष्ट सांगतात. ती संज्ञा निर्माण करण्याची गरज पडली, याचाच अर्थ सगळ्या प्रजाती तशा नसतात. काहींचे काम दुसरे उचलतात, काहींच्या जाण्याने फारसा फरक पडत नाही, आणि काहींच्या जाण्याने सगळी घडी विस्कटते. कोण कोणत्या गटात आहे, हे बाहेरून पाहून ओळखता येत नाही, ही खरी अडचण आहे.

आणखी एक सावधगिरीची सूचना. ग्रामसभेत कोणीतरी उत्साहाने सांगेल, की वटवाघळे रोज रात्री ढीगभर कीटक खातात. ते खरे आहे, पण ती वटवाघळे वेगळी. दिव्याभोवती घिरट्या घालणारी लहान वटवाघळे कीटक खातात. अमेरिकेत २००६ पासून पसरलेल्या एका बुरशीजन्य रोगाने ती मोठ्या प्रमाणावर मेली. जिथे मेली, तेथील शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढवल्याचे अर्थशास्त्रज्ञ इयाल फ्रँक यांनी २०२४ मध्ये दाखवून दिले. चिंचेवरची वटवाघळे फळे आणि मकरंद यांवर जगतात. एकाचे पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर जमा केले, की समोरचा हुशार माणूस तेवढाच मुद्दा खोडतो आणि मग बाकीचे खरे मुद्देही ऐकले जात नाहीत.

---

बागाईतदार पिंपळगाव

मास्तर, आणि अंजनेरीची वाट, आपण दोघांनी लिहिलेले सगळे लक्षपूर्वक वाचले. मी ते खोटे म्हणत नाही. पण मोहाच्या बिया पडणार पेठ, सुरगाणा आणि हरसूलच्या बाजूला, पिंपळ उगवणार माळावर, आणि मणी जाणार माझ्या बागेतले. ऑक्टोबर छाटणीपासून फवारण्या, विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) असा एकेक खर्च करत माल तयार होतो, आणि निर्यातीच्या घडातले चार मणी फुटले तरी पॅकिंगवाला तो घड बाजूला काढतो. परिसंस्थेचे काम सगळ्या समाजाच्या उपयोगी असेल, तर त्याची किंमत एकट्या बागाईतदाराने का मोजावी, याचे उत्तर मला आजवर कोणत्याही निसर्गप्रेमी माणसाकडून मिळालेले नाही. वटवाघळांनी केलेल्या नुकसानीची भरपाई मिळालेला शेतकरी निदान माझ्या ओळखीत तरी नाही.

दुसरे असे, की हाकलून उपयोग होत नाही असे म्हणायचे असेल, तर तसे कुठे करून पाहिले आहे का, तेही सांगावे. नुसत्या तर्कावर आमच्या गावाकडची माणसे गप्प बसणार नाहीत.

---

पशुवैद्य दिंडोरी

तसे करून पाहिले गेले आहे, आणि एकाहून अधिक ठिकाणी.

मॉरिशसमध्ये लिची आणि आंब्याच्या बागाईतदारांची तक्रार आपल्यासारखीच होती. तिथल्या सरकारने २०१५ पासून मोहिमा काढून हजारो मोठी वटवाघळे गोळ्या घालून मारली. फळांचे उत्पादन त्यामुळे वाढले नाही; २०१८ मध्ये ती प्रजाती मात्र जागतिक यादीत एक पायरी खाली घसरून ‘धोक्यात’ या वर्गात गेली.

रोगाच्या दृष्टीने युगांडातील उदाहरण अधिक बोलके आहे. तिथल्या किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग या जीवघेण्या विषाणूची लागण झाली. ती खाणीतल्या फलाहारी वटवाघळांकडून आल्याचे कळल्यावर खाणमालकांनी सगळी वस्ती मारून टाकली. काही वर्षांनी खाणीत पुन्हा वटवाघळे आली, २०१२ मध्ये त्या भागात पुन्हा साथ आली, आणि तपासणीत नव्या वस्तीतील लागण झालेल्या वटवाघळांचे प्रमाण आधीच्या दुपटीहून अधिक आढळले. जुन्या वस्तीतील अनेक प्राण्यांमध्ये प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. ते मारले की मोकळ्या जागेत बाहेरून नवी, तरुण, विषाणूशी आधी गाठ न पडलेली जनावरे येतात. फटाके वाजवून वस्ती उठवली, तर ती हवेत विरून जाणार नाही, शेजारच्या गावी जाऊन बसेल, आणि बिथरलेले, उपाशी जनावर विषाणू अधिक सोडण्याची शक्यता असते.

निपाहबद्दल पालकांना घाबरवूही नये आणि उडवूनही लावू नये. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांमध्ये निपाहच्या प्रतिपिंडांचा, म्हणजे त्या विषाणूशी गाठ पडून गेल्याचा, पुरावा मिळाला होता. ते नमुने २०२० मधील होते. मलेशियात १९९८–९९ मध्ये पहिली साथ आली ती डुकरांमार्फत. वराहपालनाच्या शेडवर फळझाडे होती आणि वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळे डुकरांच्या पुढ्यात पडत होती. बांगलादेशात ती खजुरीच्या झाडाला रात्रभर उघड्या टांगलेल्या मडक्यांतील रसातून येते. म्हणजे प्राणी झाडावर आहे एवढ्याने रोग होत नाही. त्याची लाळ किंवा मूत्र आपल्या तोंडापर्यंत पोहोचण्याचा रस्ता सापडावा लागतो, आणि तो रस्ता बंद करणे आपल्या हातात असते. शाळेच्या पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण हवे, मुलांनी खाली पडलेली उष्टी फळे आणि चिंचा उचलू नयेत, मेलेल्या किंवा खाली पडलेल्या वटवाघळाला हात लावू नये, आणि त्या झाडांखाली डबा खाऊ नये. गुरेही तिथे बांधू नयेत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण ‘संख्या घटली की काम थांबते’ हे समजून घ्यायला टोंगापर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात, आणि तेही माझ्याच व्यवसायाच्या हातून, हे घडून गेले आहे. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात गिधाडांचा थवा हाडे उघडी करत असे, हे चाळिशीपुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. नव्वदच्या दशकात जनावरांच्या ताप-वेदनांवर डायक्लोफिनॅक हे स्वस्त औषध सर्रास टोचले जाऊ लागले. उपचारानंतर लवकरच दगावलेल्या जनावराचे मांस गिधाडाने खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होत आणि काही दिवसांत ते मरत असे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली आणि लांब चोचीच्या गिधाडांची सुमारे ९७ टक्क्यांनी. कारण शोधून काढायला २००४ उजाडले, जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली २००६ मध्ये, आणि माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचण्याची पळवाट बुजवण्यासाठी २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. गिधाडांना तशाच घातक असलेल्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या औषधांवरची बंदी तर २०२३ मधली आहे. मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध उपलब्ध असताना एवढा उशीर झाला, याची मला आजही चीड येते.

अंजनेरीच्या कड्यांवर आजही लांब चोचीची गिधाडे आहेत. हरसूलच्या बाजूला गावकरी आणि वनखात्याने त्यांच्यासाठी मृत जनावरे टाकण्याची जागाही राखली आहे. म्हणजे जिल्ह्याच्या पक्षियादीतून गिधाड गेलेले नाही. पण येवल्याच्या किंवा निफाडच्या शिवारात बैल मेला, तर तो उचलायला गिधाड येते का? येत नाही. त्यांची जागा कुत्र्यांनी घेतली. कुत्रा सावकाश खातो, निम्मे टाकून देतो, टोळीने वाढतो आणि रेबीज घेऊन वस्तीत फिरतो. गिधाडाच्या जठरातले तीव्र आम्ल सडक्या मांसातले बहुतेक जंतू मारून टाकते. कुत्र्याच्या पोटाची ती ताकद नाही. वर ज्या इयाल फ्रँक यांचा उल्लेख आला, त्यांनीच अनंत सुदर्शन यांच्यासह गिधाडांचा जिथे पूर्वी वावर होता ते जिल्हे आणि जिथे नव्हता ते जिल्हे यांची तुलना केली. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे औषध थांबले तरी थवा लगेच परत येत नाही. मोठ्या वटवाघळाची मादीही वर्षाला एकाच पिलाला जन्म देते. निम्मी वस्ती कमी करून ‘पुढे पाहू’ म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

---

हरसूलकर

बागाईतदार दादांनी आमच्या भागाचे नाव घेतले म्हणून दोन ओळी लिहितो. मोहाची फळे पिकली, की आमच्याकडे काही ठरावीक आंब्या-सादड्यांखाली सकाळी मोहाच्या बिया पडलेल्या असतात आणि त्या झाडाच्या आसपास मोह नसतो. रात्री वटवाघळांनी आणून, गर खाऊन टाकलेल्या त्या बिया असतात. बायामाणसे त्या वेचून आणतात आणि त्यांचे तेल काढतात. वेचायच्या राहिल्या, त्यांतल्या काही रुजतात. मोह सहसा कोणी मुद्दाम लावत नाही, तो असाच वाढत आला आहे. तुमचे नुकसान होत नाही, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. फायदा आमच्याकडे होतो आणि तोटा तुमच्याकडे, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्यावर सरकारने विचार करायला हवा, हेही बरोबर आहे.

---

कादवाकाठ (निफाड तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. शाळेतली मोठी मुले आणि दोन बागाईतदार यांना बरोबर घेऊन आम्ही सकाळीच पाहणी केली. मुलांना झाडांखाली न जाऊ देता बांधावर थांबवले होते, हे पशुवैद्य साहेबांच्या समाधानासाठी सांगतो. ओढ्याकाठच्या झाडांखाली चोथ्याच्या गोळ्या पुष्कळ होत्या, पण त्यांत बहुतेक वड-उंबराच्या बिया आणि साली होत्या. द्राक्षाची साल असलेल्या गोळ्या क्वचितच दिसल्या. याउलट बागेच्या कडेच्या लिंबाखाली आणि पंपाच्या खोलीमागे द्राक्षाच्या गोळ्यांचा सडा पडलेला होता. बरोबरचे दोघे बागाईतदार ते पाहून विचारात पडले. शिवाय बरेचसे मणी चोच मारलेल्या स्थितीत घडालाच लटकत होते. त्याचा ठपका पक्ष्यांवरच ठेवावा लागेल.

आता दोनच शंका उरतात. वस्तीला हात लावणे कायद्यात बसते का, आणि बागेसाठी काय करावे?

---

अंजनेरीची वाट

आधी कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांत घातलेली होती. म्हणूनच ‘त्यांना मारले तरी चालते’ ही समजूत गावोगावी पक्की झाली. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच काढून टाकली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हा जुन्या समजुतीवर विसंबून फटाके किंवा कुऱ्हाड हाती घेऊ नये. ग्रामपंचायतीने वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पत्र देऊन लेखी उत्तर मागवावे. सध्याचा काळ तर सर्वांत वाईट आहे, कारण उन्हाळ्याच्या तोंडाशी माद्यांच्या अंगाला पिले असतात आणि वस्ती बिथरली की ती खाली पडतात. अशी पिले शाळेच्या आवारात पडणे हे पालकांच्याच दृष्टीने अधिक धोक्याचे ठरेल.

बागेसाठी जाळी हाच खात्रीचा उपाय आहे, कारण तिने वटवाघूळ आणि पक्षी दोन्ही अडतात. मात्र जाळी कोणतीही चालत नाही. बारीक दोऱ्याची, मोठ्या भोकांची, सैल टाकलेली जाळी वटवाघळाला जाणवत नाही. ते तिच्यात गुरफटते, आणि तेच सापाचे आणि घुबडाचेही होते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२१ पासून घरगुती फळझाडांवरच्या जाळीचे भोक पाच मिलिमीटरहून मोठे नसावे, असा नियमच केला आहे. भोकात करंगळी शिरत असेल तर ती जाळी नको, अशी साधी खूण लक्षात ठेवावी. ती पांढऱ्या रंगाची असावी आणि सांगाड्यावर ताणून बसवावी. सगळ्या बागेवर ती टाकण्याची ऐपत नसेल, तर आपल्या पाहणीनुसार लिंबाच्या आणि पंपाच्या खोलीच्या बाजूच्या ओळींपासून सुरुवात करावी आणि मण्यांत पाणी फिरण्याच्या आधी ती बसवून घ्यावी. पंपाच्या खोलीचे आढे आणि पडीक विहिरीची कपार हंगामापूर्वी, आत एकही वटवाघूळ नसल्याची खात्री करून, बुजवून घेतली तरी बागेलगतचा मुक्काम हलतो.

---

बागाईतदार पिंपळगाव

लिंबाखालच्या गोळ्या मी आज माझ्याही बागेत पाहिल्या, तेव्हा चिंचेवरच्या वस्तीविषयीचा माझा आग्रह मी सोडतो. जाळीचे मात्र आपण म्हणता तितके सोपे नाही. पाच मिलिमीटरची जाळी, तिला पेलणारा सांगाडा आणि ती चढवायची मजुरी हे सगळे एका हंगामात अंगावर घेणे लहान बागाईतदाराला शक्य नाही, आणि अशा जाळीखाली हवा कमी खेळून भुरी हा बुरशीजन्य रोग वाढतो का, हेही एखाद्या ओळीवर पाहावे लागेल. कादवाकाठ दादा, ग्रामसभेत वस्ती उठवण्याच्या सूचनेऐवजी, गावाने एकत्र जाळी खरेदी करावी आणि कडेच्या ओळींच्या बागांना ती आधी द्यावी, असा ठराव मांडून पाहा. सोबत नुकसानीच्या भरपाईची मागणीही लेखी पाठवा, चोथ्याच्या गोळ्यांच्या फोटोंसह. आमच्या गावात मी हाच ठराव मांडणार आहे.